कानावरचा सोनकिडा

फस्स… फस्स!

बाहेरच्या खोलीतून आवाज आला आणि चित्रकार मुलगी ओला ब्रश हातात घेऊनच धावली. टेबलापाशी पाठीवर टाकी बांधलेला एक उंच तरुण उभा. मावशीनं झुरळांसाठी बोलावलेला फवारणीवाला! आणि त्याची नळी रोखलेली होती थेट तिच्या चित्रावर.

"मागे व्हा," तो घाम पुसत म्हणाला. "फार चिवट आहे. मरतच नाही."

"मरेल कसा? रंगवलाय तो!"

कागदावरच्या सोनकिड्याचा हिरवा रंग एव्हाना ओघळून टेबलाखाली ठिबकत होता.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? पोरीचा हातच तसा. मागे तिनं भिंतीवर मुंग्यांची रांग काढली, तर मावशीनं साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत नेऊन ठेवला आणि घरातली पाल दिवसभर भिंत चाटून शेवटी उपाशी झोपली. लोक नाकावर माशी बसू देत नाहीत. हिच्या नाकावर बसली की ही म्हणणार, "बस गं बाई, जरा पाय नीट दिसू देत."

"उद्या संध्याकाळी प्रकाशक न्यायला येणार…" तिचा आवाज चिरकला. "माझं पहिलं मुखपृष्ठ होतं हो ते!"

"मग पुन्हा काढा ना."

"बघून काढते मी, जिवंत किडा बघून. आणि तो खिडकीतला सकाळीच उडाला."

"मी आणतो," तो म्हणाला. "जिवंत."

"तुम्ही? तुम्ही तर मारता!"

"मारतो, कारण…" तो कानापर्यंत लाल झाला. "कारण घाबरतो. म्हणून लांबून… नळीनं."

"अगं बाई!" मावशी दारातून म्हणाली. "झुरळांना कळलं तर हसून हसूनच मरतील. औषध कशाला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. केसांत काटे, शर्टाची बाही फाटलेली. भोकं पाडलेला डबा हात लांब करून असा धरलेला, जणू आत वाघ आहे.

"सकाळपासून बागेमागच्या झुडपात रांगतोय," तो म्हणाला. "माळ्यानं चोर समजून पिटाळलं… पण सापडला!"

त्यानं डोळे मिटून झाकण उघडलं. सोनकिडा भुर्रकन उडाला, खोलीत एक गिरकी घेतली आणि बसला तो नेमका त्याच्याच उजव्या कानावर. गड्याची पाचावर धारण बसली.

"हलू नका!" ती ओरडली.

"हलताच… येत नाहीये."

तिनं स्टूल ओढलं. इतकं जवळ, की तिचा श्वास त्याच्या मानेला लागावा.

"तो… काय करतोय?"

"विचार करतोय. हे पान खावं की नको."

"अहो!"

"हसू नका, कान हलतो."

"मग हसवू नका."

मावशी चहा घेऊन आली. थबकली. "यांना काय आता नळीनं पाजू?"

तो जरा वेळानं पुटपुटला, "इतक्या जवळून मला कुणी कधी पाहिलं नाही."

"मी किड्याकडे बघतेय."

"तेच म्हणतोय… नशीबवान आहे."

तिचा ब्रश क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला, जरा हळूच.

ऊन टेबलावरून भिंतीवर सरकलं. दारावरची बेल वाजली. मावशीनं येऊन वाळत ठेवलेलं सोनकिड्याचं नवं चित्र उचललं आणि प्रकाशकांच्या हाती दिलं. ते दारातच "वा! वा!" करून गेले. तरी स्टूल जागचं हललं नाही.

"तो… मघाशीच उडाला," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. कान माझाच आहे ना."

"मग हलला का नाहीत?"

"तुम्ही काढायचं थांबवलं नाहीत म्हणून…"

तिच्या मांडीवर दुसरा कागद होता. त्यावर ना पंख, ना मिशा. काटे अडकलेले केस होते, एक लालबुंद कान होता, हसू दाबणारे ओठ होते.

"एवढे डोळे राहिलेत," ती म्हणाली. "इकडे… माझ्याकडे बघा."

त्यानं मान वळवली. आणि तिनं ब्रश पाण्याऐवजी गार झालेल्या चहात बुडवला.