मागच्या सीटचं सॉकेट

हेल्मेटातला हेडसेट एका घराण्याचा आणि मोटरसायकल दुसऱ्या घराण्याची असली, की सोयरीक जुळवायला लोक माझ्याकडं येतात. कुणाची पिनच बसत नाही, कुणाची बसते पण आवाज जात नाही, आणि कुणाच्या कानात इंजिन चढेल तशी शिट्टी चढत जाते. व्हिरोक्वा गावाच्या आसपास मोटरसायकलींवर लांबच्या फेऱ्या मारणारी आमची सात-आठ म्हाताऱ्या-कोताऱ्यांची टोळी आहे. बर्फ वितळला की फादरना बोलावून गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं आणि पुन्हा बर्फ पडेपर्यंत दर शनिवारी किकापू नदीच्या खोऱ्यात हिंडायचं, हा आमचा नेम. लग्नाआधी मी रेडिओच्या कारखान्यात होते. त्यामुळं सोल्डरिंगचं, तारा डागून जोडायचं काम माझ्या वाट्याला आलं. सकाळची जपमाळ झाली की मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरते आणि कुणाचं तरी हेल्मेट उलटं करून बसते.

आमच्या घरात या तारांचं मोल जरा जास्तच होतं. एल्डननं, माझ्या नवऱ्यानं, उभा जन्म दगडाच्या खाणीत काढला. त्याचे कान तिथंच गेले. घरात मला त्याच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि ओरडणं मला जमत नाही. म्हणून आम्ही घरात फारसं बोलतच नसू. पण हेल्मेटातला स्पीकर थेट कानाला टेकतो. गाडीवर मी मागच्या सीटवर बसायचे, माझी वायर मागच्या सॉकेटमध्ये, त्याची पुढच्या. मी कुजबुजले तरी त्याला ऐकू जाई. आमचा सगळा संसार त्या दोन वायरींवर बोलून झाला आहे.

मागच्या वर्षी त्याचा गुडघा बदलला. दुचाकी विकून त्यानं तीन चाकांची मोठी मोटरसायकल घेतली. त्याच सुमारास मी माझ्यासाठी एक बेताची दुचाकी घेतली.

"मागं बसून काय कमी पडलं तुला?" एल्डननं विचारलं.

"कमी काही नाही. इतकी वर्षं रस्ता म्हणून तुझं हेल्मेटच बघितलंय."

तो हसला नाही. "बघ बाई तुझं तू," एवढंच म्हणाला.

टोळीनं निघालो की एल्डन सगळ्यांत पुढं आणि मी सगळ्यांत मागं. गाडीगाडीवर बसवलेल्या सीबी रेडिओच्या भाषेत तो समोरचं दार, मी मागचं दार. घोड्याची लीद पडलीय, वळणावर खडी आहे, मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांची घोडागाडी चाललीय, हे समोरच्या दारानं ओरडायचं. मोठा रस्ता ओलांडताना शेवटची गाडी पार झाली की मागच्या दारानं म्हणायचं, "मागचं दार बंद." ते ऐकल्याशिवाय समोरच्यानं वेग वाढवायचा नाही. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

मे महिन्यात एकदा कॉफीला थांबलो तेव्हा एल्डन म्हणाला, "आर्डी, खोऱ्यात उतरलो की तू फार बोलतेस हल्ली."

"मी? मी तर 'दार बंद' शिवाय तोंड उघडलं नाही."

"लीद पडलीय म्हणालीस की. त्या लाकडी पुलाच्या अलीकडं. बरं झालं, नाहीतर घातलंच होतं चाक."

ट्वायला, माझी मैत्रीण, शेजारी बसून तळलेलं पनीर खात होती. ती म्हणाली, "सगळ्यांत मागं असून पुढची लीद दिसते हिला! एल्डन, बायकोला घाबरतोस ते बरोबरच आहे तुझं."

सगळे हसले. मीही हसले. पण पुलापाशी मी त्याच्या पाव मैल मागं होते.

घरी येऊन मी त्याचं हेल्मेट उलटं केलं. चूक लगेच सापडली आणि जीव हलका झाला. त्यानं हेडसेट जुनाच ठेवला होता, पाच पिनांचा. नव्या गाडीला सात पिना लागतात म्हणून मधे कुठल्याशा जत्रेतून आणलेला जोड घातला होता. जुन्या हेडसेटात माइक आणि स्पीकर यांची परतीची तार एकच असते. नव्या गाडीला त्या दोन वेगळ्या लागतात. एकत्र बांधल्या की माणसाला आपलाच आवाज उलटून ऐकू येतो, इंजिन कण्हतं, काहीच्या बाही भास होतात. आमच्यातले निम्मे लोक हीच चूक करतात. मी जोड फेकून दिला, नवा हेडसेट बसवला, पुढच्या सॉकेटात घालून तपासला. आवाज काचेसारखा स्वच्छ.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी विचारलं, "आता कसं?"

"काय?"

मी मोठ्यानं विचारलं.

"मस्त. आता तर अगदी जवळून येतो तुझा आवाज."

त्या दिवशी माझ्या बोलायच्या बटणाची वायर तुटली होती. सबंध फेरीत माझा एक शब्दही बाहेर गेला नव्हता. मागच्या दाराचं काम ट्वायलानं केलं होतं.

मग तो आठवड्याच्या मधल्या दिवशीही एकटाच जाऊ लागला. "जरा इंजिन गरम करून येतो," म्हणायचा आणि दोन-तीन तासांनी यायचा. चेहरा असा, की जत्रेतून परत आलाय. स्वयंपाकघरात उभा राहून मधेच स्वतःशी हसायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "ते तू म्हणालीस ना, बाप्तिस्म्याच्या वेळचं." कुणाच्या बाप्तिस्म्याचं, काय म्हणाले मी, ते विचारायला मला ओरडावं लागलं असतं. मी भांडी घासत राहिले.

ऑगस्टमध्ये मी गॅरेज झाडायला गेले. त्यानं मागच्या सीटची पाठ, जी मी काढून फडताळात ठेवली होती, ती पुन्हा बसवली होती. पाय ठेवायच्या पट्ट्या खाली पाडल्या होत्या. मी मागच्या चाकाच्या शॉक अब्सॉर्बरमधली हवा मोजली. दोन माणसांचं वजन घेईल इतकी भरलेली होती.

"हवा का वाढवलीस?" मी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं.

त्यानं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "मागं वजन असलं की वाढवावी लागते, आर्डी. तूच शिकवलंस ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जपमाळेतही मन ठरेना. तिसऱ्या रहस्याच्या, म्हणजे माळेतल्या तिसऱ्या दहा मण्यांच्या, मध्यावर ट्वायलाचा फोन आला, आणि उरलेली माळ मी दुपारवर टाकली. असं मी सहसा करत नाही.

फोन ठेवला तेव्हा एल्डन बाजारात गेला होता. मी गॅरेजचं दार उघडं ठेवलं, ऊन आत येऊ दिलं. इंजिन बंद, फक्त रेडिओला वीज मिळेल एवढीच चावी फिरवली. सीबी बंद केला. पुढचं सॉकेट मोकळं होतं. राहता राहिलं मागचं. रिकामं सॉकेट हवेतलं काहीबाही ओढतं, त्यावर झाकण लावावं लागतं, हे मला ठाऊक होतं. झाकण लावण्याआधी एकदा ऐकून घ्यावं म्हणून मी हेल्मेट चढवलं, मागच्या सीटवर बसले, आणि माझी पिन त्यात घातली.

आधी काही नव्हतं. मग श्वास.

मला वाटलं माझाच. मी श्वास रोखला. तो चालू राहिला.

मग हळू, पुटपुटल्यासारखे शब्द. नमो मरिया, कृपापूर्णे. तिसरं रहस्य, अर्ध्यावरून पुढं. मी जिथं सोडलं होतं तिथून. न अडखळता, एका लयीत, मणी ओढल्याचा बारीक आवाज मधे मधे. ते माझं म्हणणं होतं. 'पापी' म्हणताना मी जरा थांबते, ते थांबणंसुद्धा.

माझा हात माइकला लागला असेल. पुटपुटणं थांबलं.

"कोण?" माझ्या आवाजानं विचारलं.

मी पिन उपटली. हेल्मेट काढलं तेव्हा दारात एल्डन उभा होता, हातात पावाची पिशवी.

"तिथं कशाला बसलात?" तो म्हणाला. "उतरा."

आवाजात राग नव्हता. आपल्या गाडीवर शेजारचं कुणी चढून बसलं तर माणूस जसं म्हणेल तसं म्हणाला. मग दोनदा पापण्या मिटून उघडल्या, माझ्याकडं पाहिलं आणि नेहमीसारखं बोलला, "आर्डी, अंडी नाही मिळाली गं."

त्यानंतर मी एकच केलं. तो दुपारी आडवा झाल्यावर सीट उचलली, मागच्या सॉकेटकडं जाणारी वायर शोधली, आणि ती पकडीनं कापली. दोन्ही टोकांवर टेप गुंडाळली. सॉकेटला आता काही जोडलेलं नव्हतं.

शनिवारी वाइल्डकॅट नावाच्या डोंगरावरून उतरताना खोऱ्यात धुकं साचलेलं होतं. वरून ते दुधासारखं दिसत होतं. आत शिरलो आणि पुढची गाडी दिसेनाशी झाली. हेल्मेटच्या काचेवर पाणी. मक्याच्या ओल्या पानांचा वास. रेडिओवर एल्डन नेहमीसारखा सांगत होता: "डावीकडं खडी. घोडागाडी, सावकाश. पुढं मोठा रस्ता, सगळे जवळ या."

मोठ्या रस्त्यावरून दुधाचे टँकर जातात. पहिल्या पाच गाड्या पार झाल्या. मग टँकर आला, त्यामागं दुसरा. ट्वायला आणि मी अलीकडं थांबलो.

"एल्डन, आम्ही दोघी राहिलोय," मी बटण दाबून म्हटलं. "थांब."

"बरं," एल्डन म्हणाला.

टँकरचा आवाज विरला. रस्ता मोकळा आहे की नाही, धुक्यात कळेना. ट्वायला पाय टेकून दोन्हीकडं पाहत होती.

तेवढ्यात एल्डन पुन्हा बोलला. माझ्याशी नव्हे.

"झालं का दार बंद? सगळे आले? बरं, मग निघतो."

"एल्डन, नाही! मी बाहेर आहे अजून!"

ट्वायलानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "अगं, तू तर काही म्हणाली नाहीस! हा निघाला कसा?"

मी बटण दाबून धरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. एल्डन. एल्डन. ट्वायलानं हात उचलून सांगितलं की तिला माझं सगळं ऐकू येतंय. रेडिओ नीट होता. वायर नीट होती.

धुक्यापलीकडं त्याच्या इंजिनाचा आवाज चढत गेला.

आम्ही रस्ता ओलांडला. बाकीचे पलीकडं गोंधळून उभे होते. कुणी म्हणालं, "हात करून पुढं गेला. बोलत होता कुणाशी तरी." मी त्यांना तिथंच सोडलं. वळणं होती, ओली पानं होती, आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. नेहमी पुढून त्याचा आवाज यायचा. आता मी प्रत्येक वळण आंधळ्यासारखी घेत होते, आणि प्रत्येक वळणाच्या पलीकडं उलटलेली गाडी दिसेल म्हणून आधीच डोळे बारीक करत होते.

दिसली नाही.

नदीकाठच्या कॅफेसमोर त्याची गाडी उभी होती, व्यवस्थित, चाकं वळवून. धुकं उठत होतं. बाहेरच्या बाकावर एल्डन बसला होता. हेल्मेट डोक्यावरच. हेडसेटची वायर छातीवर लोंबत होती, तिची पिन कशातच नव्हती. समोर कॉफीचे दोन कप.

 देवाचे आभार मानत मी गाडी लावली आणि त्याच्याकडं गेले.

"एल्डन."

मी हळूच म्हटलं होतं. त्यानं ऐकलं. हेल्मेट असूनही, एवढ्या लांबून ऐकलं आणि वर पाहिलं. तोंडावर हसू होतं, रस्त्यात कुणाही भल्या बाईला पाहून येतं तसं.

मग त्यानं तोंडासमोरचा माइक दोन बोटांनी जवळ धरला.

"थांब गं आर्डी," तो म्हणाला. "एक बाई आल्यात."

तो ऐकत राहिला. मान हलवली. पुन्हा माझ्याकडं पाहिलं, काळजीनं.

"ती विचारतेय," तो म्हणाला, "तुमच्यासोबत कुणी नाही का, बाई?"