खड्ड्यातला होकार

मुलांनो, डोळे मिटा. दाभोळची खाडी आहे, साल एकोणीसशे अठ्ठावीस. काठावर चार-सहा नव्या झोपड्या, सागाचे ओंडके आणि एक खोल खड्डा.

ही घडलेली गोष्ट आहे. यातली मैना म्हणजे माझी आत्या. लाकूड कापल्याचा आवाज आला की ती म्हातारपणीही कानांवर हात ठेवायची.

खड्ड्यावर ओंडका आडवा टाकत. एक जण वर उभा, एक खाली. मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, म्हणून तो डोळे मिटूनच ओढी. वरचा हाक देई, "हं!" खालून "हो!" आलं की करवत चाले.

रिकाम्या खड्ड्यात मात्र कोणी हाक देत नसे.

खाली असायचे मैनाचे बाबा, लवू. भरतीच्या पाण्याने खड्ड्याची कड ढासळली आणि ते गाडले गेले.

तेरावा झाला. मुकादम म्हणाला, "घरातला पुरुष खड्ड्यात उतरला तरच झोपडीत राहा."

घरात पुरुष एकच उरला होता. मैनाचा भाऊ, शिवा.

भर दुपारी मैना बाबांच्या वरच्या जोडीदाराला, भिकाजीकाकांना, पेज घेऊन आली. काका ओंडक्यावर चढून करवत लावत होते.

"भाऊस खंय गो तुझा?"

"जेवतोय."

"बेतानं जेव म्हणावं! शिडीवरनं उतरायचंय."

मैना हसली. कितीतरी दिवसांनी.

काकांनी करवत धरली. वीस वर्षांची सवय... तोंडून निघून गेलं.

"हं!"

कावळे गप्प झाले.

खालून आलं... "हो..."

करवत खाली गेली. वर आली. पुन्हा खाली.

काकांचे हात तर करवतीवरून सुटले होते.

मैनाने वाकून पाहिलं. खड्ड्यात कोणी नव्हतं. भुसा मात्र जमिनीवर पडत नव्हता. मध्येच, हवेत, दोन खांद्यांवर साचत होता...

"मैने," बाबांचा आवाज आला. "हात भरून आले गो. शिवाला पाठव."

काका उडी टाकून पळाले.

मागे पावलं वाजली. शिवा तोंड पुसत येत होता.

मैनाने पेजेचं मडकं खाली ठेवलं. दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर ओढू लागली.

शिडी जड होती. खालून कोणीतरी धरल्यासारखी...

तरी ती ओढत राहिली.