मनवेलपाड्याला परतलेला भालचंद्र

ग्रेसी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती, तेवढ्यात जिजाचा फोन आला.

"वीस वर्षांनी भाऊ परत आलाय. आई आज दुपारी वाडी त्याच्या नावावर करतेय. मला काही पटत नाही. आधी तू ये."

मनवेलपाड्याच्या त्या वाडीवरच मायलेकींचं पोट होतं. ग्रेसी जिजाची शाळेपासूनची मैत्रीण. गेल्याच महिन्यात तिनं त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला नेलं होतं. तासाभरात ती हजर झाली.

सुभद्राबाई लेकाला वाढत होत्या. जिजा दारात, सवयीनं ओठांवर पदर धरून. आपले डागाळलेले दात ती लहानपणापासून लपवायची.

"घर कधी सोडलंत?" ग्रेसीनं विचारलं.

"चौदाव्या वर्षी. बापानं मारलं म्हणून."

"त्याआधी कुठं बाहेर राहिलात?"

"एक दिवस नाही. ह्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढलो." तो मोकळेपणानं हसला. दात पांढरेशुभ्र होते.

"माज्यावर गेलाय," सुभद्राबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांचं माहेर आगाशी गावचं. साठीतही दात स्वच्छ.

ग्रेसीनं घरच्या जुन्या बैलाचं नाव विचारलं, वर्गातल्या मास्तरांचं विचारलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, पण इथं एक शब्द चुकत नव्हता. शेवटी तिनं पर्समधून पाण्याचा अहवाल काढला.

"मावशी, हा भालचंद्र नव्हे. तुमच्या विहिरीत फ्लोराइड आहे, डोंगराच्या खडकातून मुळातच झिरपलेलं. हवं त्याच्या तिप्पट. पक्के दात हिरड्यांत घडत असतात, तेव्हा हे पाणी पोटात गेलं की दातांवर जन्माचे डाग पडतात. जिजाला आहेत, पाड्यातल्या सगळ्या पोरांना आहेत. तुम्हाला नाहीत, कारण तुम्ही मोठेपणी लग्न होऊन आलात. हा इथं वाढला असता, तर त्यालाही असते."

त्याचा हात ताटातच थांबला.

"मग बैलाचं नाव तुला कोनी सांगितलं?" सुभद्राबाईंनी त्याला विचारलं.

"त्यानंच. इस्पितळात आमच्या खाटा शेजारी होत्या."

"होत्या?"

त्यानं मान खाली घातली. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन. सारखा घराबद्दल बोलायचा."

वाडी वाचली होती. जिजा भिंतीला टेकून रडत होती. इतका वेळ ग्रेसीला आपल्या हुशारीचा अभिमान वाटत होता. आता तिला सुभद्राबाईंकडे बघवेना.

सुभद्राबाईंच्या हातात अजून भाताची पळी होती.

"त्याचं जेवन तरी होऊ द्यायचंस, बाय," त्या म्हणाल्या.