एकशे बारा नोंदी

ती बाणाचं बटण दाबत होती. टक्, टक्, टक्... काळ्या पडद्यावर जुन्या कमांड एकेक करून मागे सरकत होत्या आणि हवी ती काही सापडत नव्हती.

"कंट्रोल धर आणि आर दाब," मागून आवाज आला. "मग आठवतील ती दोन-तीन अक्षरं टाक. कमांड आपोआप वर येईल."

"मी विचारलं होतं?"

"नाही. पण त्या बटणाचा जीव चाललाय, बघवेना."

मागे कॉफीचा मग घेऊन ऑफिसातला दाढीवाला उभा होता. तिने कंट्रोल धरलं, आर दाबलं, तीन अक्षरं टाकली. कमांड हजर! आभार मानणं तिच्या जिवावर आलं. "इतके दिवस कुठे होतास?" असं मात्र तोंडून निसटलं... आणि दोघंही उगाचच पडद्याकडे बघत राहिले.

झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता ती स्वतःच प्रोग्रामिंग शिकली होती. ना कॉलेज, ना वशिला. ऑफिसातल्या पदवीवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'झेरॉक्सबाई' ठेवलं. हे लोक स्वतः निम्मा कोड इंटरनेटवरून उचलून आणणारे, पण लाज कोणाला आहे? तीन महिने नोकरी कच्ची. काम पटलं तर पक्की, नाहीतर चालू लाग. घरी आत्या रोज दारातच विचारायची, "झालीस का गं पक्की?"

दाढीवाला तेवढा तिला झेरॉक्सबाई म्हणायचा नाही. नुसत्या युक्त्या सांगायचा. अर्धवट काम टाकून दुसरीकडे जायचंय? स्टॅश कर, बाजूला नीट राहतं. कमिट, म्हणजे केलेल्या कामाची नोंद, हरवली? घाबरू नकोस, रीफ्लॉगमध्ये, म्हणजे आधी कुठे कुठे होतो त्याच्या यादीत, सापडते. "आणि नोंदीत नुसतं 'बदल केला' लिहू नकोस. का केला ते लिही." सांगताना तो तिच्या कीबोर्डकडे बघायचा, तिच्याकडे नाही. कान मात्र लाल झालेले असायचे.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर तिला उभं केलं. मोठ्या पडद्यावर नोंदींची यादी होती.

"तीन महिन्यांत तुझ्या नावावर एकही कमिट नाही. करत काय होतीस?"

"झेरॉक्स काढत असेल," कोणीतरी खिदळलं.

तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत. 'लीप वर्षात वाढदिवस चुकत होता, म्हणून तारीख तपासली.' हे वाक्य तिचं. त्याखालचंही तिचंच. पुढे नाव मात्र दाढीवाल्याचं!

"मॅडम, एक मिनिट." ती आपल्या जागेवर गेली आणि तिने एक छोटी कमांड टाकून कॉम्प्युटरला विचारलं : नोंदीवर कोणाचं नाव घालतोस? उत्तर आलं, दाढीवाल्याचं.

"हा कॉम्प्युटर आधी याचा होता. नाव याचंच राहिलंय. मी शिकले एकटी, चार जणांत कधी काम केलं नव्हतं, म्हणून तपासायचं सुचलं नाही. ती चूक माझी. पण काम माझं आहे. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, का लिहिली ते सांगते."

दाढीवाला उठला. "त्या एकशे बारा नोंदी तिच्याच आहेत. मला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं. मी गप्प बसलो."

मॅनेजरबाईंनी तरीही सात ओळी विचारल्या. तिने सातही सांगितल्या.

"पक्की," बाई म्हणाल्या. मग दाढीवाल्याकडे वळून, "तुझ्याशी नंतर बोलते."

तिने त्याला जिन्यात गाठलं.

"दोन आठवडे? माझ्या पोटावर पाय येत होता आणि तू मूग गिळून बसलास?"

"सांगायलाच यायचो... मग युक्ती सांगून परत जायचो."

"का?"

"तुझ्या ओळी, पुढे माझं नाव... बघायला बरं वाटायचं."

"भित्रा आहेस."

"आहे." त्याने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं. "सगळ्या नोंदींवरचं नाव बदलून टाकतो."

"अजिबात नाही! सगळ्यांकडे पोचलेला इतिहास बदललास तर सगळ्यांच्या कामाचा गुंता होईल. नवी नोंद कर. त्यात कबूल कर."

दुपारी त्याने तिला बोलावलं. पडद्यावर लिहिलं होतं : 'मागच्या एकशे बारा नोंदी तिच्या. कळूनही मी सांगितलं नाही. ती मला आवडते, आणि तिच्याशी बोलायची हिंमत नव्हती.'

तिने दोनदा वाचलं.

"सगळ्यांना पाठवलंस?"

"अजून नाही."

"मग अमेंड कर. पाठवायच्या आधी नोंद दुरुस्त करता येते, एवढं मलाही येतं. शेवटचं वाक्य काढ."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं...?"

"ते ऑफिसला कशाला कळवतोस? मी इथे उभी आहे ना — मला सांग."

त्याने वाक्य खोडलं, नोंद पाठवली, खुर्ची वळवली. आणि दोनदा अडखळून, एकदा घसा खाकरून, ते वाक्य तोंडाने सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "राग अजून गेलेला नाही. सहाला खाली थांब... चालत चालत भांडू."