केसपेटी

आमचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. लोकांना वाटतं, म्हणजे आम्हाला सुट्टी. सुट्टी कसली डोंबलाची! सोमवारी मी शिडी घेऊन सगळ्या जुन्या घड्याळांना चाव्या देतो, दोन डोक्यांच्या वासराच्या सांगाड्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झाडतो, आणि सगळ्यात शेवटी तिसऱ्या दालनातल्या केसपेटीचा कागद बदलतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. माझं काम दुरुस्तीचं आणि स्वभावही तसाच. वाकडं काही दिसलं की मला चैन पडत नाही. ताई मला 'काटकोन' म्हणायची. याला ताटातला चमचासुद्धा सरळ लागतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

केसपेटी म्हणजे हवेतला दमटपणा नोंदवणारं यंत्र. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पेटीत केसांची बट दोन चिमट्यांमध्ये ताणून बसवलेली असते. बटेला दांडी, दांडीला शाईचं पेन, आणि पेनापुढे कागद गुंडाळलेला गोल डबा. डब्याची फेरी आठवड्यातून एक. शेजारी तापमानाचं दुसरं पेन, ते धातूच्या पट्टीवर चालतं. आता प्रत्येक दालनात काडेपेटीएवढी डिजिटल यंत्रं आली आहेत, पण ही पेटी काचेमागे चालू राहिलीच पाहिजे असा संचालकबाईंचा हट्ट. लोक तिच्यापुढेच जास्त रेंगाळतात हे मात्र खरं.

मागच्या वर्षी पेटीतली बट तुटली. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. बट नवी बनवायची तर केस कधीही न रंगवलेले हवेत.

"माझे रंगवलेले," संचालकबाई म्हणाल्या. "तिकीटवालीचे रंगवलेले. पहारेकऱ्याला टक्कल. तुमचं काय?"

"माझी वाटचाल पहारेकऱ्याच्या दिशेनेच आहे, बाई."

"मग शोधा कुठून तरी."

कुठून तरी म्हणजे माझ्या कपाटातून. ताईने लग्नानंतर एकदा केसांना कंटाळून वेणी कापली होती आणि आईच्या हातात आणून ठेवली होती. आईने ती मलमलीत गुंडाळून जपली. ताईचे केस पुन्हा वाढले, तसेच दाट. मग एका सकाळी ती दवाखान्यात कामाला म्हणून निघाली, औषधं द्यायच्या खिडकीवर तिचं काम होतं, आणि तिथे पोचलीच नाही. घर ते दवाखाना चालत बारा मिनिटं. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले. आई तिची वाट बघत गेली आणि मलमलीचं पुडकं माझ्याकडे आलं. ताई नाहीशी झाली त्याला आता सात वर्षं झाली.

त्या वेणीतून मी चाळीस केस मोजून काढले, स्पिरिटमध्ये धुतले, चिमट्यांमध्ये बसवले. वेणी सोडणं जिवावर आलं होतं हे कबूल करतो. पण केस चांगले होते आणि यंत्राला केस हवे होते.

पहिल्याच आठवड्याच्या कागदावर रेघ बिघडलेली निघाली. रोज सकाळी सहाला ती थोडी चढत होती. बुधवारी आणि रविवारी मात्र एकदम पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत गेली आणि तीन तास घेत सावकाश उतरली. शेजारचं डिजिटल यंत्र पन्नासवरून हललेलं नव्हतं. मी नवीन चिमटे लावले. तेच. बट दुसऱ्या पेटीत बसवली, तर तिथेही तेच, आणि पहिल्या पेटीत शेजाऱ्यांच्या मुलीचे केस लावले तर रेघ अगदी शहाण्यासारखी सरळ. शेवटी ताईची बट त्या दुसऱ्या पेटीसकट काचेच्या हंडीखाली ठेवून भोवती ओल शोषणारे निळे खडे पसरले. आत हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत. बुधवारी सकाळी रेघ पंच्याण्णववर.

ताई बुधवारी आणि रविवारी डोकं धुवायची. तिचे केस वाळायला तीन तास लागायचे.

मी त्या दिवशी बट पेटीत परत बसवली आणि कुणाला काही बोललो नाही. काय बोलणार? मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण दर सोमवारी कागद काढताना माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. एकदा रविवारची रेघ चढलीच नाही, तर मी दोन दिवस जेवलो नाही धड. सर्दी झाली असेल तिला, अशी स्वतःची समजूत घालत होतो. पुढच्या बुधवारी रेघ चढली तेव्हा दालनात कोणी नाही असं बघून मी रडून घेतलं.

कुठे आहे ती, हे शोधायला मी गावोगावच्या दमटपणाचे आकडे जमवले. तिच्या रेघेशी एकही गाव जुळलं नाही. मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिची सकाळ घसरत होती. रोज अकरा मिनिटांनी उशिरा. महिन्याभरात सहाचे साडेअकरा झाले, पुढे दुपार झाली, रात्र झाली. पेटीचं घड्याळ मागे पडत असेल म्हणावं तर तापमानाचं पेन रोज दालनाचे दिवे लागले की बरोबर दहालाच वर चढत होतं. घड्याळ ठीक होतं. तिचा दिवसच आपल्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा होता.

असा दिवस कुठे असतो, मला माहीत नाही.

असे तेरा महिने गेले आणि एका शुक्रवारी भावोजी संग्रहालयात आले. ताईचे यजमान म्हणजे देवमाणूस. सात वर्षं एकट्याने घर सांभाळलं, ताईची चप्पलसुद्धा दारातून हलवली नाही. त्यांनी पिशवीतून कागद काढला.

"सात वर्षं पूर्ण झाली. कोर्टात अर्ज केलाय," ते खाली बघून म्हणाले. "ती गेली असं जाहीर करायला. रक्ताच्या नात्यातलं कोणी तरी लागतं सहीला. मंगळवारी सकाळी द्यायचाय, बुधवारी तारीख आहे."

मी अर्जावरचं ताईचं नाव वाचलं.

"भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत. चांगल्या आहेत रे. घरी गेल्यावर कोणी तरी 'आलात का' विचारावं, एवढंच वाटतं मला. तुझा राग येणं साहजिक आहे."

"राग नाही, भावोजी. या माझ्याबरोबर."

मी त्यांना तिसऱ्या दालनात नेलं आणि तेरा महिन्यांचे कागद पुढ्यात टाकले. सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, माझ्याकडे मधूनमधून काळजीने बघत. पोराचं डोकं फिरलं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग त्यांनी एका बुधवारच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही पायरी कसली?"

प्रत्येक वेळी रेघ चढली की उतरण्याआधी थोडा वेळ सपाट राहायची. साधारण अर्धा तास. मला कधी कळलं नव्हतं ते का.

"टॉवेल," भावोजी म्हणाले. "डोक्याला टॉवेल बांधून चहा टाकायची. अर्धा तास. मी म्हणायचो, अगं सोड आता, मान दुखेल."

आम्ही दोघं दालनाच्या बाकावर बसलो. लोक येत होते, पेटी बघून पुढे जात होते.

"म्हणजे आहे," भावोजी म्हणाले. "आहे आणि येत नाही. हे मेल्याहून वाईट आहे रे."

"येता येत नसेल तिला."

"तू तिला विचार."

"काय?"

"सही करू का, ते विचार. तुझ्या पेटीला. माझं तिने कधी ऐकलंय? तुझं ऐकायची." त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. "ती नको म्हणाली तर मी जन्मभर वाट बघेन. शपथ घेतो. पण काही तरी कळू दे."

ते गेले. संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर मी काच सरकवून पेटीजवळ तोंड नेलं. सव्वीस वर्षांत कुठल्या यंत्राशी बोललो नव्हतो. माझीच मला लाज वाटत होती.

"ताई," मी म्हणालो, "काटकोन बोलतोय. भावोजी तुझ्या नावाचा दाखला काढताहेत. गेलीस म्हणून. मी सही केली तर तुझी इकडची वाट बंद होईल असं मला उगाच वाटतंय. तुला यायचं असेल, कधी का होईना, तर सोमवारी डोकं धू. सोमवारी तू कधीच धूत नाहीस. रेघ चढली की मी समजेन. चढली नाही तर सही करतो."

त्याच्या दोनच दिवस आधी, बुधवारी सकाळी ठीक सहाला रेघ चढली होती. अगदी पहिल्या आठवड्यासारखी. घसरत घसरत फेरी पूर्ण झाली, ताई पुन्हा आपल्या वेळेवर आली, असं मला वाटलं होतं. शुभशकुनच वाटला होता.

सोमवारी सकाळी पाचलाच गेलो. जुना कागद एरवी भिंगाखाली धरतो, त्या दिवशी न बघताच घडी करून खणात टाकला. नवा लावला. बाकावर बसलो.

सात वाजत आले. रोजच्या आंघोळीएवढी रेघ थोडी चढली आणि उतरली.

नऊ. बारा. चार. मी जेवणाचा डबा उघडला नाही. पेनाचं टोक कागदावर सरळ चालत होतं.

संध्याकाळी सातला पहारेकरी कुलपं घेऊन आला. "झालं का, साहेब?"

"झालं," मी म्हणालो.

सही तिथेच केली, बाकावर गुडघ्यावर कागद ठेवून. मंगळवारी सकाळी भावोजींना नेऊन दिला. त्यांनी माझा हात धरून ठेवला. पेटीसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती म्हणून मी रविवारपर्यंत रजा टाकली. बुधवारी त्यांचा फोन आला. कोर्टाचा शिक्का झाला होता.

पुढच्या सोमवारी मी तिसऱ्या दालनात गेलो.

मंगळवार, बुधवार ठीक होते. गुरुवारी सकाळी साडेसातला रेघ पंच्याण्णववर गेली होती. आदल्या गुरुवारी गेली नव्हती. सपाट पायरी नव्हती. टॉवेल बांधला नव्हता. थोडी उतरली न उतरली तोच पुन्हा वर. पुन्हा. पुन्हा.

मी खणातून आधीचा कागद काढला. त्यावर बुधवारी डोकं धुतलं होतं आणि शनिवारी. रविवारी नाही. शनिवारी.

रोज अकरा मिनिटं, तेरा महिने. हिशेब शाळेतल्या पोराला जमला असता. पण मी घसरणारी वेळ तेवढी टिपत होतो, तिच्याबरोबर वारही घसरतोय हे कधी ध्यानात घेतलं नाही. फेरी एक नव्हती झाली, तीन झाल्या होत्या. ताई तीन दिवस मागे होती. तो शुभशकुनाचा बुधवार म्हणजे तिचा रविवार होता. तिचा सोमवार आपल्या गुरुवारी उजाडत होता.

आणि मी, काटकोन, सव्वीस वर्षं काळाला चावी देणारा माणूस, बहिणीशी बोलताना धाकटा भाऊ झालो होतो. सोमवार म्हणजे माझाच सोमवार, असं धरून चाललो होतो.

रेघा मोजल्या. गुरुवारी अकरा. शुक्रवारी चौदा. पुढच्या मोजता येत नव्हत्या. वरच्या काठाशी शाईचा नुसता जाड पट्टा झाला होता आणि पेन अजून तिथेच थरथरत होतं.

"ताई, पुरे," मी म्हणालो. "आजारी पडशील."

या केसांना उघड्या बोटांनी हात लावायचा नसतो. मी लावला. ओले होते. थंडगार, निथळत होते. चिमट्यातून पाणी डब्यावर पडत होतं.

मी खिशातला रुमाल काढला आणि ते पुसायला लागलो. पुसले की पुन्हा ओले होत होते.