जबड्याचा स्नायू

"हसू नका म्हटलं ना!"

"हसत नाहीये."

"मग हे काय आहे?" मी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. मेंदूच्या लहरी दिसायच्या तिथे जबड्याच्या स्नायूने नुसता धुडगूस घातला होता. माणूस हसला की तो ताणला जातो आणि रेकॉर्डिंगची वाट लागते.

दोन दिवसांपूर्वी हा ग्रंथपाल माझ्याकडचं मुदत उलटलेलं पुस्तक मागायला आमच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला. मला प्रबंधासाठी तिसावा माणूस मिळत नव्हता. पुस्तकाचं नंतर बघू म्हणत मी त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली... तीच घोडचूक झाली. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. एक माणूस कमी पडला तर माझं एम.ए. सहा महिने लांबणार. आणि हा सलग तिसऱ्यांदा गालात हसत होता!

"तुम्हाला हसू येतं तरी कशाचं?"

"आत्ता सांगू — की टोपी काढल्यावर?"

माझं डोकंच फिरलं. त्यात त्याच्या कपाळावर ओघळलेली तारांखालची चिकट जेल पुसताना माझा हात उगाच रेंगाळला. त्याचाही मला राग आला.

शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडमना रेकॉर्डिंग दाखवलं. "गोंधळ फक्त तू माइकवरून 'तयार?' विचारतेस तिथे आहे," त्या म्हणाल्या. "आवाज ऐकव बघू."

ऐकवला. मग आधीच्या एकोणतीस जणांना दिलेलाही ऐकवला.

"त्यांच्यावर डाफरतेस, आणि याला जणू फिरायला चल म्हणतेस! सूचना सगळ्यांना एकाच सुरात द्यायची, हे पहिल्याच सत्रात शिकवलं होतं ना?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चौथ्या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं आणि एकोणतिसाव्यावर डाफरलेला आवाज लावला. लहरी एकदम स्वच्छ.

"आज माइकवर कोण होतं?" टोपी काढताना तो हिरमुसून म्हणाला.

"मीच. बाकी सगळ्यांसाठीची."

"आणि... आधीची?"

"सोमवारपर्यंत विचारायचं नाही. प्रयोगातल्या माणसाशी ओळख वाढवायला बंदी आहे."

सोमवारी पाचला प्रबंध देऊन बाहेर आले, तर तो पायरीवर बसलेला.

"पुस्तक?"

"घरी राहिलं," मी वैतागून म्हणाले. "तुम्ही आवडता मला, म्हणून काही सुचत नाहीये. झालं समाधान?"

तो पायरीवरून ताडकन उठला.

"तयार?" मी विचारलं.

तो हसला — अख्ख्या जबड्याने. या वेळी मी हसू दिलं.