येतानाचे जास्तीचे तीन तास

"बोंबील कसे दिले, मंजुळा?"

मंजुळाचा कोयता हवेतच थांबला. आवाज ओळखीचा होता, पण शर्ट... असा शर्ट काळाचौकीच्या बाजारात तरी मिळत नव्हता. टोपलीसमोर उत्तम उभा होता! संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तो दुबईला गेला. जाताना त्यानं लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "आधी परत तर ये." त्याला दोन वर्षं झाली.

"कधी आलास?"

"काल. आठ दिवसांनी परत जायचंय. म्हटलं, त्याआधी... तुझं उत्तर..."

शेजारच्या टोपलीवरची दुर्गा खाकरली. मंजुळानं विषय बदलला. "लांब आहे का रे दुबई?"

"छे! इथून सकाळी दहाला उडालो. उतरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा."

"दीडच तास? आणि येताना?"

"बाराला निघालो, इथं उतरलो तेव्हा साडेचार."

मंजुळाचं हसू मावळलं. जाताना दीड, येताना साडेचार! तिच्या बापाची होडी अशीच उशिरा यायची. वारा पडला होता, म्हणायचा. आणि निघायचं काय, तर वाटेत भलत्याच बंदराला लागून ताडी पीत बसलेला!

"तीन तास कुठे होतास?"

"विमानात!"

"वाटेत कुठे उतरला नाहीस?"

"अगं, विमान म्हणजे काय बस आहे, मधल्या स्टॉपवर उतरायला?"

"पुरुषाला थांबायचं असलं की स्टॉप सापडतो गो," दुर्गा पुटपुटली.

उत्तमनं डावा हात हळूच खिशात घातला. मंजुळानं ते बरोबर टिपलं.

"हात दाखव."

"काही नाही गं..."

"दाखव म्हणते ना!"

मनगटावर घड्याळ होतं. गिरणीत असतानाचंच, काचेला तडा गेलेलं.

"हे कशाला लपवतोस?"

उत्तमचे कान लाल झाले. "तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे असतात. तुला मी भिंतीवरची वेळ सांगितली. ह्या घड्याळात जातानाही तीन तास झाले, येतानाही तीनच."

"मग हेच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस, दुबईत राहून घड्याळ मुंबईचं का?"

"का?"

"पाच वाजले की तू इथं येऊन बसतेस," तो टोपलीकडे बघत म्हणाला. "तेवढं कळावं म्हणून... काटे फिरवलेच नाहीत. सगळे हसायचे मला."

दुर्गा या वेळी खाकरली नाही. मंजुळा मान खाली घालून बोंबील साफ करत राहिली. ते सगळे साफ झाले, तरी तिला वर बघवेना.

"उद्या सकाळी घरी ये," ती अखेर म्हणाली. "आईला हा हिशेब पुन्हा सांग. ती माझ्याएवढी भोळी नाही."

"आणि... तिला पटला तर?"

"तर आठ दिवसांनी खुशाल जा. पण काट्यांना हात लावलास ना, तर याद राख!"